लेकाच्या गाडीचं इंजिन

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागं आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे अब्बांचं. दहावीनंतर मी तिथंच हात काळे करायला लागलो, आणि ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे त्या दिवसांत अर्धंअधिक काम माझ्या अंगावर आलं होतं. कापसाची ती वाईट वर्षं. आम्हाला ती गॅरेजमध्ये बसून दिसायची. ट्रॅक्टर दुरुस्तीला येईनासे झाले. लोक ते तसेच रेटायचे. विहिरीवरची डिझेल इंजिनं घेऊन माणसं यायची आणि दुरुस्तीचं न बोलता विचारायची, "कोणी घेते काय हे?" दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग खरेदी केंद्रापासून थेट मोठ्या रस्त्यावर यायची. गाडीवान गाडीखालीच सावली धरून बसायचे. मापाचा नंबर काही लागायचा नाही.

शेतकऱ्यांची बरीच पोरं तेव्हा शेतातून उठून गाडीवर बसली. जुनीपानी गाडी घ्यायची, तिला काळी-पिवळी करायची आणि सवाऱ्या मारायच्या. त्यातलाच एक आमच्याकडं यायचा. तो माझ्याच वयाचा. घरी चांगलं काळं रान होतं, पण तो म्हणायचा, "रानात बापाले मी नाही लागत, अन् मले रान नाही लागत." त्यानं टर्बो डिझेलची मोठी गाडी घेतली होती. दारव्हा ते यवतमाळ आणि मधली सगळी गावं. सवाऱ्यांच्या जोडीला टपावर कापसाची बोचकी, शेळीचं पिल्लू, सायकल, काय वाटेल ते.

टर्बोची गोष्ट सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. त्यामुळं तेवढ्याच इंजिनाला ताकद जास्त मिळते. गाडी वेग घेते तेव्हा त्या चक्राची बारीक शिट्टी ऐकू येते. त्याचं एक पथ्य असतं. लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, उभी करून जरा वेळ चालू ठेवायची. तेल फिरतं, चक्र थंड होतं. नाहीतर ते जळतं. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यानं ते मनावर घेतलं. गॅरेजसमोर आला की गाडी चालू ठेवून खाली उतरायचा, बोनेटला टेकून तंबाखू मळायचा आणि मग किल्ली फिरवायचा. हसून म्हणायचा, "घरी बी असंच करतो. तेवढ्यात मायची भाकर तव्यावर पडते."

तो गेला तो हिवाळ्यात, भर दिवसा. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून त्यानं सवाऱ्या उतरवल्या होत्या. एका म्हातारीचं गाठोडं मागच्या दारातून काढून देत होता. मागून कोळशाचा ट्रक आला. ड्रायव्हरला झोप लागली असं नंतर लोक म्हणाले. सवाऱ्या आधीच बाजूला झाल्या होत्या. म्हातारीला खरचटलंही नाही. तो जागीच गेला.

पोलिसांचा पंचनामा झाल्यावर ती गाडी त्या जागेवरून आणायला मीच गेलो होतो. ट्रॅक्टरला टोचन करून आणली आणि आमच्या आवारात कडुनिंबाखाली लावली. मागून ती पार चेपली होती. समोरून पाहिलं तर काही झालंच नाही असं वाटे. काचेवरचा हार सुकून तसाच होता.

तेरवी झाल्यावर त्याचे वडील आले. उंच माणूस, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. अब्बांची त्यांची ओळख फार जुनी, मी त्यांना काका म्हणायचो. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि समोर येऊन उभे राहिले.

"मिस्तरी, हे चालू होते काय?"

"होईल," अब्बा म्हणाले. "समोरून मार नाही लागला."

"करून दाखवा."

मी बॅटरी आणून जोडली आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं. काकांनी मडगार्डवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "माह्या जीपचं इंजिन बसलं हाये. हे काढून तिच्यात टाका."

त्यांची जीप आम्हाला ठाऊक होती. कापसाला भाव होता त्या काळात त्यांनी लष्कराच्या लिलावातून ती घेतली होती. चारही चाकांना ताकद जाणारी. त्यांच्या शेताचा रस्ता सगळा काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्या चिखलात बैलगाडीही रुतून बसे, पण ही जीप पुढच्या-मागच्या चारही चाकांनी माती उपसत बाहेर निघे. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक त्यांच्याच दारात यायचे. आता तिचं इंजिन झिजून गेलं होतं.

अब्बांनी टोपी काढून पुन्हा घातली. काम पटलं नाही की ते असं करायचे. "भाऊ, जीपचं तिच्या जातीचं जुनं इंजिन भेटते. सोपं काम हाये. हे तिच्यात बसवायचं म्हंजे लय कापाकापी हाये."

"कापा."

"ताकद बी जास्त हाये याची. जीपचा गिअर बॉक्स जुना हाये, त्याले झेपलं पायजे."

"मी हळूच चालवतो. पन हे इंजिन भंगारात जाऊ देनार नाही, मिस्तरी. त्यानं लेकरावानी सांभाळलं ते."

 अब्बांनी विचारलं, "घरात इचारलं काय?"

"इचारलं," काका म्हणाले.

ट्रॅक्टरनं ओढून जीप आली आणि आम्ही कामाला लागलो. असं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं. साखळीवर दोन्ही इंजिनं बाहेर काढली तेव्हाच कळलं की काहीच काहीला जुळत नाही. गिअर बॉक्सच्या तोंडाची भोकं एकीकडं, इंजिनाची दुसरीकडं. त्यासाठी मधे जाड लोखंडी प्लेट बसवावी लागणार होती. ती मी यवतमाळला लेथवाल्याकडून करून आणली. पहिली चुकली, केसभर वाकडी होती. दुसरी बसली. पण सगळ्यात मोठी अडचण खाली होती. साध्या गाडीत इंजिनाखाली मोकळी जागा असते. हिच्यात पुढच्या चाकांनाही ताकद जाते, म्हणून इंजिनाच्या बरोबर खाली पुढच्या अ‍ॅक्सलचा लोखंडी गोळा येतो. इंजिन खाली सोडलं की त्याचं तेलाचं चेंबर त्या गोळ्यावर टेकायचं.

अब्बा जमिनीवर आडवे होऊन खालून बघत राहिले. "चेंबर काटना पड़ेगा," ते म्हणाले.

"इंजिन वर उचलून बसवलं तर?"

"बोनट नहीं लगेगा. और गाड़ी का वज़न ऊपर जाएगा. मिट्टी में पलटी मारेगी."

मग आम्ही चेंबर कापलं. समोरून उथळ केलं, मागून खोल केलं, पुन्हा वेल्डिंग मारलं आणि तेल भरून दिवसभर खाली कागद पसरून ठेवला. कागद कोरडा राहिला. त्या संध्याकाळी अब्बांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी भजी आणली.

काका जवळजवळ रोज यायचे. सकाळचं शेत उरकून यायचे आणि कडुनिंबाखाली उकिडवे बसायचे. पहिले काही दिवस नुसते बघत बसले. मग एक दिवस त्यांनी माझ्यासमोरचं डिझेलचं ताट स्वतःकडं ओढलं आणि त्यातले नटबोल्ट ब्रशनं घासायला लागले. मी म्हणालो, "काका, राहू द्या." त्यांनी मान हलवली आणि घासतच राहिले. धुतलेले बोल्ट ते फडक्यावर लहान-मोठे लावून ठेवायचे.

एकदा मुलाच्या गाडीचा रेडिएटर मी साफ करायला काढला. त्याच्या जाळीत कापूस अडकला होता, धुळीनं काळा झालेला. काकांनी पुढं होऊन बोटांनी तो काढला, फुंकर मारली, चिमटीत धरून धागा ओढून बघितला.

"हा आपल्या रानचा नाही," ते म्हणाले. "याचा धागा लांब हाये. कोनाचं तरी बोचकं नेलं असंन त्यानं."

 तो कापूस त्यांनी फेकला नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवला.

काम पुरं व्हायला उन्हाळा लागला. जुन्या सायलेन्सरची नळी अपुरी पडत होती, ती नवी वाकवून घेतली. पंख्याची पाती रेडिएटरला घासत होती, रेडिएटर पुढं सरकवला. कागदांवर इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचा होता, त्या कामाला काकांनी आरटीओत चकरा मारल्या. शेवटी एका दुपारी गाडी चालू झाली. आवारातून बाहेर काढून मी ती पुसदच्या रस्त्यानं दामटली. चौथा गिअर पडल्यावर ती शिट्टी ऐकू आली. जीप जुनी, सीट जुनं, स्टिअरिंग जुनं, आणि आवाज मात्र त्याचा. डोळे मिटले असते तर तोच आला असं वाटलं असतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं, पण पुढचं काही सुचलं नाही.

जीप घरी न्यायच्या दिवशी काका म्हणाले, "तुमी दोघंबी चला. जेवूनच या." काका चालवत होते, अब्बा त्यांच्या शेजारी, मी मागं. गावाबाहेरच्या वळणावर चढ लागतो. तिथं त्यांनी गाडी जरा दाबली, आणि शिट्टी वाजली. आम्ही दारासमोर येऊन थांबलो. काकांचा हात किल्लीकडं गेला तसं अब्बा म्हणाले, "अंहं, लगेच बंद नाही करायची. चालू राहू द्या थोडी."

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "आला काय रे?"

आणि काकू बाहेर आल्या. हातात पाण्याचा लोटा, दुसऱ्या हाताला पीठ लागलेलं. उंबऱ्याच्या पुढं दोन पावलं आल्या आणि थांबल्या. आम्हा तिघांकडं त्यांनी बघितलंच नाही. त्या बोनेटकडं बघत होत्या. इंजिन चालूच होतं. कुणीतरी ते बंद करायला हवं होतं, पण कुणाचाच हात पुढं गेला नाही.

"तुमी हे काय आनलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"त्याचं इंजिन..." काका म्हणाले. "टाकून घेतलं आपल्या जीपमंदी."

काकूंनी लोटा तिथंच ओसरीवर ठेवला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. काकांनी किल्ली फिरवली. त्यांची मान खाली होती. अब्बा हळूच म्हणाले, "भाऊ, तुमी तं म्हनलं होतं, इचारलं."  मी काकांकडं पाहिलं आणि मला समजलं की त्यांना घरात विचारायचं धाडस झालंच नव्हतं. आम्ही न जेवता निघालो. फाट्यावर काळी-पिवळी मिळाली.  घरी येऊन अब्बांनी नमाजासाठी वुजू केला, हातपाय धुतले, आणि बराच वेळ जानमाजच्या चटईवर बसून राहिले.

काही दिवसांनी काका आले. दाढी वाढलेली. जीप शेतातल्या गोठ्यात उभी केली होती, गावात आणतच नव्हते. "तिचा आवाज बंद करता येते काय?" त्यांनी विचारलं. "घरी ते बोलत नाही माह्याशी. ताट वाढते, पन बोलत नाही."

आम्ही जमेल ते केलं. हवा ओढणाऱ्या नळीवर डबा बसवला, डब्यात आतून जाड नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, लावला, मोठा सायलेन्सर घातला. शिट्टी पुरती गेली नाही, पण गाडीजवळ कान नेला तरच ऐकू यावी एवढी कमी झाली. काका मान डोलावून जीप घेऊन गेले. तो पावसाळा ती त्यांनी शेतातच वापरली. खताची पोती नेली, कुणाच्या बाळंतिणीला चिखलातून सडकेपर्यंत आणून सोडलं, असं कानावर यायचं. घरी मात्र त्या गाडीतून ते कधी आले नाहीत.

कापसाची पहिली वेचणी चालू झाली होती तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. काका जीप घेऊन गॅरेजवर आले आणि उतरून बाजूला उभे राहिले. म्हणाले, "ते येऊन राह्यली. एसटीनं." थोड्या वेळानं काकू बसस्टँडकडून चालत आल्या. हातात रिकामी पिशवी होती. मी स्टूल पुसून दिलं. त्या बसल्या नाहीत.

"भाऊ," त्या अब्बांना म्हणाल्या, "मले दाखवा. याच्यातलं त्याचं काय काय हाये?"

अब्बांनी बोनेट उघडलं. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. अब्बा एकेका वस्तूवर हात ठेवून सांगत गेले. इंजिन त्याचं. टर्बो त्याचा. रेडिएटर त्याचा. गिअर बॉक्स जीपचाच. पुढच्या चाकांना ताकद देणारा हा दांडा जीपचाच. ही मधली प्लेट आम्ही केली. हे खालचं चेंबर त्याचं, पण आम्ही कापलं.

"काहून कापलं?"

"बसत नव्हतं, बाई."

काकूंनी वाकून खाली पाहिलं. मग हात लांब करून इंजिनाच्या वरच्या झाकणावर ठेवला. गाडी आत्ताच आली होती, झाकण गरम होतं. त्यांनी हात काढला नाही. अब्बा म्हणाले, "चटका लागंन." तेव्हा काढला आणि पदराला पुसला.

"अन् हा डबा?"

"आवाज कमी कराले लावला."

"काढा."

अब्बांनी काकांकडं पाहिलं. काका जमिनीकडं बघत होते.

"मी त्या दिवशी भेले," काकू म्हणाल्या. "मले कोनी सांगतलं नव्हतं. सांगतलं असतं तं मी दारातून बाहेर नसते आले. पन आता सांगा भाऊ, माह्या घरी एकच मानूस बाहेर जाते. हे असे मुक्यानं जातात अन् मुक्यानं येतात. शेतातून पायी येतात, चोरावानी. म्या कायले भाकर टाकावी, कवा टाकावी? काढा तो डबा. आवाज येऊ द्या."

बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. पण काका तिथून निघाले, कडुनिंबाच्या मागं गेले आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडले. तेरवीनंतर इतके महिने ते आमच्याकडं येत होते, मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काकू त्यांच्याकडं गेल्या नाहीत. मी डबा काढेपर्यंत त्या माझ्याजवळ उभ्या होत्या, निघालेले बोल्ट हातात घेत होत्या.

डबा निघाल्यावर अब्बा म्हणाले, एक चक्कर मारून बघू. काकू इंजिन बदलल्यापासून पहिल्यांदाच जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसल्या. अब्बा आणि मी मागं. गाव सुटल्यावर त्यांनी मान वळवून मला विचारलं, "गाडी तू आनली होती ना?"

"हो, काकू."

"मले तिथं ने."

काकांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी रस्ता सांगत गेलो. तो रस्ता त्यांना माहीत होता, पण ते मला सांगू देत होते. एका बाभळीपाशी मी थांबायला सांगितलं. सगळे उतरलो. तिथं आता काहीच नव्हतं. काचेचे बारीक तुकडे होते ते पावसानं मातीत गेले असावेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, लांबवर बाया वेचत होत्या.

"कोठी?" काकूंनी विचारलं.

मी जागा दाखवली. त्या जाऊन तिथं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडीचं तोंड कोनीकडं होतं?"

"गावाकडं."

"मंग घरीच येत होता," त्या म्हणाल्या.

त्या बाभळीखाली बसल्या, काका त्यांच्याशेजारी बसले. दोघं एकमेकांशी काही बोलले की नाही ते मला माहीत नाही, कारण अब्बांनी माझा दंड धरून मला गाडीच्या पलीकडं नेलं. रस्त्यानं एसटी गेली, ट्रक गेले. बऱ्याच वेळानं काकू उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि शेताकडं बघून म्हणाल्या, "या लोकाइनं वेचायले उशीर केला. अर्धा तं गळून गेला." काका म्हणाले, "मजूर भेटत नसंन." मग आम्ही परत निघालो.

जीप पुढं बरीच वर्षं चालली. अब्बांना भीती होती तसा गिअर बॉक्स दोनदा खोलावा लागला. पण इंजिनाला काही झालं नाही. काकू त्यातून बाजाराला यायच्या, कधी येताना आमच्यासाठी तुरीच्या शेंगा आणायच्या. आधी अब्बा गेले. काका त्यांच्यानंतर, घरीच, अंथरुणावर. तेव्हा काकूंनी रान बटाईनं दिलं आणि मुलीकडं यवतमाळला राहायला गेल्या. जीप झरी जामणीकडच्या एका किराणा दुकानदारानं घेतली. त्याला जंगलातल्या गावांना माल पोचवायला चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती. सौदा माझ्याच गॅरेजमध्ये झाला. काकू मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी त्या माणसाला एकच गोष्ट सांगितली, "बापू, चालते तवरी चालव. पन इंजिन अन् जीप येगळी नको करजो."

त्यानं मानेनं हो म्हटलं, सीटवर स्वतःची चादर टाकली आणि गाडी घेऊन गेला. झरीकडं माझं कधी जाणं झालं नाही. त्यानं शब्द पाळला की नाही, मला माहीत नाही.